कराची ते मुंबई, अंतर ८७५ किलोमीटर : जेआरडींनी सव्वासात तासांत पार केलेला रस्ता आज लांब कसा झाला?

दोन शहरांची नावं टाका, मध्ये 'ते' लिहा आणि पुढे 'विमानाने किती वेळ' असं विचारा. मोबाईल एका सेकंदात उत्तर देतो. मुंबई ते नागपूर टाका, मुंबई ते अहमदाबाद टाका, काहीही टाका. अंतर इतकं, वेळ इतका, तिकीट इतक्याचं.

आता कराची ते मुंबई टाकून बघा.

सरळ रेषेत अंतर येतं साधारण ८७५ किलोमीटर. म्हणजे मुंबईहून दिल्ली जितकी लांब आहे, त्याहून कराची जवळ. जेट विमानाला हे अंतर कापायला दीड तासाच्या आसपास वेळ पुरे. पण तिकीट शोधायला गेलात तर थेट विमानच सापडत नाही. दुबईमार्गे जायचं म्हटलं तर कराची ते दुबई साधारण १,१९० किलोमीटर आणि दुबई ते मुंबई साधारण १,९३० किलोमीटर. बेरीज करा, ३,१०० च्या पुढे जाते. नुसता हवेतला वेळ पाच तासांच्या आसपास, त्यात दुबईच्या विमानतळावरची ताटकळ वेगळी.

आणि १९३२ साली एका माणसाने एका इंजिनाच्या, मोटारीएवढ्या केबिनच्या विमानातून हेच अंतर सव्वासात तासांत पार केलं होतं. मध्ये अहमदाबादला उतरून, पेट्रोल भरून. त्या माणसाचं नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आपले जेआरडी.

जेआरडींबद्दल आपल्याला उद्योगपती म्हणून बरंच माहीत असतं. पण त्यांचं आयुष्य दोन विमानतळांमधलं अंतर आणि त्याला लागणारा वेळ या एका गणितातूनही सांगता येतं. आज तेच सांगतो.

समुद्रकिनाऱ्यावर उतरलेलं विमान

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आर. डी. टाटा. हे जमशेटजी टाटांचे नातेवाईक आणि धंद्यातले भागीदार. आई सुझान ब्रिएर फ्रेंच. लग्नानंतर तिचं नाव सूनी झालं. घरात फ्रेंच बोललं जायचं, आणि पोरांचं लहानपण फ्रान्स आणि मुंबई असं विभागून गेलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हे कुटुंब उत्तर फ्रान्समधल्या हार्डेलो या समुद्रकिनाऱ्यावरच्या गावी जायचं. तिथेच जवळ लुई ब्लेरियो यांचंही घर होतं. ब्लेरियो म्हणजे १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस. त्यांचं विमान त्या किनाऱ्यावरच्या वाळूत उतरायचं. ते बघून लहानग्या जहांगीरच्या डोक्यात जो किडा घुसला, तो पुढे आयुष्यभर गेला नाही. पंधराव्या वर्षी त्याच गावात त्यांना पहिल्यांदा विमानात बसायला मिळालं. पैसे देऊन एक चक्कर मारून आणणारं विमान होतं ते. पण पोराने मनाशी ठरवून टाकलं की आपण पायलट व्हायचं.

पुढचं आयुष्य मात्र ठरवल्यासारखं सरळ गेलं नाही. १९२३ मध्ये आई वारली. फ्रान्सचे नागरिक असल्यामुळे जेआरडींना वर्षभर फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी करावी लागली. केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग शिकायची इच्छा होती, पण वडिलांनी भारतात बोलावून घेतलं. १९२५ च्या शेवटी ते टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून चिकटले. वर्षभरात, १९२६ मध्ये वडीलही गेले. बावीस वर्षांचा तरुण, पदवी हातात नाही, मागे भावंडं आणि डोक्यावर घरची जबाबदारी.

कॉलेज राहिलं ही सल त्यांना शेवटपर्यंत होती असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

लायसन्स नंबर १

१९२९ च्या सुरुवातीला मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब सुरू झाला. जेआरडी तिथे दाखल झालेल्या पहिल्या लोकांपैकी एक. काही तासांच्या शिकवणीतच त्यांनी एकट्याने विमान उडवलं आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना लायसन्स मिळालं. भारतात दिल्या गेलेल्या या लायसन्सवर नंबर होता १. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्वही सोडलं.

त्याच सुमारास आगाखानांनी एक स्पर्धा जाहीर केली. भारत ते इंग्लंड किंवा इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने, ठरलेल्या मुदतीत उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचं बक्षीस. तिघे मैदानात उतरले. मनमोहन सिंग, अवघ्या १७ वर्षांचे अ‍ॅस्पी इंजिनिअर आणि जेआरडी. अ‍ॅस्पी इंग्लंडहून भारताकडे येत होते, जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते.

दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अबुकीर इथे. अ‍ॅस्पी तिथे अडकून पडले होते, कारण विमानाचे स्पार्क प्लग खराब झाले होते आणि जास्तीचे जवळ नव्हते. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग काढून दिले आणि दोघे आपापल्या दिशेने निघाले. अ‍ॅस्पी आधी पोचले, बक्षीस त्यांना मिळालं. हेच अ‍ॅस्पी इंजिनिअर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

हा किस्सा जेआरडींच्या दिलदारपणासाठी नेहमी सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या काळात लांबचं उड्डाण विमानाच्या वेगावर ठरत नव्हतं. प्लग मिळाला का, पेट्रोल मिळालं का, उतरायला सपाट जागा आहे का, यावर ठरत होतं. नकाशावरचं अंतर एक आणि प्रत्यक्षात लागणारा वेळ दुसराच. जेआरडी हा धडा स्वतःच्या हाताने शिकत होते.

पत्र कराचीला यायचं आणि मग रेल्वेची वाट बघायचं

त्याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे एक वैमानिक भारतात होते. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेले, भारतभर विमान घेऊन फिरलेले. त्यांच्याकडे एक कल्पना होती.

१९२९ मध्ये इम्पिरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन ते कराची अशी विमानसेवा सुरू केली. लंडनचं टपाल साधारण आठवड्याभरात कराचीला यायला लागलं. ही सेवा पुढे दिल्लीपर्यंत गेली. पण मुंबई, मद्रास आणि सगळा दक्षिण भारत बाजूलाच राहिला. म्हणजे पत्र हजारो किलोमीटर उडत यायचं आणि शेवटच्या टप्प्यात रेल्वेच्या डब्यात बसायचं.

व्हिन्सेंट यांचं म्हणणं साधं होतं. कराचीहून आपण ते टपाल उचलू, अहमदाबादमार्गे मुंबईला आणू आणि पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेऊ.

जेआरडींना हे लगेच पटलं. पण पैसे टाटा सन्सचे लागणार होते आणि अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. त्यांना हे प्रकरण जोखमीचं वाटत होतं. शेवटी जॉन पीटरसन या वरिष्ठ अधिकाऱ्याने जेआरडींची बाजू लावून धरली आणि सुमारे २ लाख रुपयांच्या गुंतवणुकीला होकार मिळाला.

मग सुरू झाला सरकारी फाईलचा प्रवास. तो विमानाच्या वेगाने नव्हे, बैलगाडीच्या वेगाने झाला. टाटांनी सुरुवातीला थोडं अनुदान मागितलं, सरकारने नकार दिला. शेवटी विनाअनुदान, फक्त नेलेल्या टपालाच्या वजनावर पैसे मिळतील या अटीवर १९३२ च्या एप्रिलमध्ये १० वर्षांचा करार झाला. होकार देणारे दोराबजी त्याच वर्षी जूनमध्ये वारले. पहिलं उड्डाण त्यांना बघायला मिळालं नाही.

१५ ऑक्टोबर १९३२

कराचीचा ड्रिघ रोड विमानतळ. सकाळचे ६ वाजून ३५ मिनिटं. जेआरडी तेव्हा २८ वर्षांचे. विमान होतं डी हॅविलँड कंपनीचं पस मॉथ, एकच इंजिन असलेलं. आत टपालाची थैली, वजन २५ किलोच्या आसपास. सोबत गॉगल आणि गणितासाठी स्लाइड रूल.

कॅल्क्युलेटर येण्याआधी इंजिनिअर लोक स्लाइड रूल नावाची सरकती पट्टी वापरायचे. जेआरडींना विमानात ती कशाला हवी होती? कारण रेडिओवरून दिशा सांगणारं कोणी नव्हतं. खालची नदी, रेल्वेचे रूळ, किनारा बघायचा, होकायंत्र बघायचं, घड्याळ बघायचं आणि आपण कुठे असू याचा हिशोब करायचा. इतक्या वेगाने इतका वेळ उडालो म्हणजे इतकं अंतर आलो. वारा समोरून असेल तर त्यातून वजा, मागून असेल तर अधिक. शाळेतलं वेग, काळ आणि अंतराचं गणित, फक्त चुकलं तर खाली कच्छचं रण.

आता तेच गणित आपणही करून बघू.

कराची ते अहमदाबाद सरळ रेषेत साधारण ५९० किलोमीटर. अहमदाबाद ते मुंबई साधारण ४४५. एकूण झाले १,०३५ किलोमीटर. सरळ मुंबईला आले असते तर ८७५ च भरले असते. म्हणजे अहमदाबादचा वळसा १६० किलोमीटरचा. पण तो घेणं भाग होतं, पेट्रोल भरायचं होतं आणि टपालही तिथलं होतं.

पस मॉथचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. १,०३५ भागिले १६० केलं तर येतात साधारण साडेसहा तास. अहमदाबादला बैलगाडीतून आलेल्या डब्यांमधलं पेट्रोल विमानात ओतलं गेलं. त्या थांब्याला पाऊण तास धरा. एकूण सव्वासात तास.

जेआरडी जुहूला उतरले तेव्हा वाजले होते दुपारचे १ वाजून ५० मिनिटं. ६.३५ ते १.५०, बरोबर सव्वासात तास.

जुहूला व्हिन्सेंट दुसरं पस मॉथ घेऊन तयार होते. थैली तिकडे गेली आणि ते बेल्लारीकडे निघाले. रात्री उडायची सोय नव्हती, म्हणून बेल्लारीला मुक्काम झाला आणि दुसऱ्या दिवशी टपाल मद्रासला पोचलं. भारतातली पहिली नियमित देशी हवाई टपालसेवा अशी सुरू झाली. दोन विमानं आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसं.

पावसाळ्यात विमानतळ पुण्याला

जुहूचा विमानतळ तेव्हा म्हणजे समुद्राकाठचं चिखलाचं मैदान. पावसाळ्यात तिथे पाणी भरायचं आणि विमान उतरवणं अशक्य व्हायचं. मग काय करायचं? टाटांचं अख्खं बिऱ्हाड, म्हणजे विमानं, वैमानिक आणि मेकॅनिक, उठून पुण्याला जायचं. तिथे येरवडा जेलजवळच्या मैदानावरून सेवा चालायची. आज मुंबईत पाऊस झाला की उड्डाणं रखडतात म्हणून आपण वैतागतो. तेव्हा विमानतळच गाव बदलायचा.

आणि एवढं सगळं असूनही सेवा वेळेवर चालायची. पहिल्या वर्षात या विमानांनी १ लाख ६० हजार मैल, म्हणजे सुमारे २ लाख ५७ हजार किलोमीटर अंतर कापलं. १५५ प्रवासी आणि दहा टनांच्या आसपास टपाल नेलं. नफा झाला ६० हजार रुपये. पुढच्या काळात वक्तशीरपणा शंभर टक्के राहिला आणि सरकारच्या नागरी विमान खात्यानेही त्याचं कौतुक केलं.

हे कसं जमलं? विमानं वेगवान होती म्हणून नव्हे. दोन टप्प्यांमधला वाया जाणारा वेळ कमी ठेवला म्हणून. पेट्रोल आधीच येऊन थांबलेलं, दुसरा वैमानिक तयार, थैली लगेच इकडून तिकडे. हा मुद्दा लक्षात ठेवा, आजही विमानाचं वेळापत्रक यावरच चालतं.

तिकिटावरचा वेळ आणि गणितातला वेळ

मुंबई ते नागपूर सरळ रेषेत साधारण ६८५ किलोमीटर. प्रवासी जेट उंचावर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने उडतं. भागाकार केला तर ५० मिनिटांच्या आसपास उत्तर येतं. पण तिकिटावर दीड तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ दिसतो. मग उरलेली चाळीस मिनिटं जातात कुठे?

एक, तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं हे सगळं त्यात आलं.

दोन, पूर्ण वेग विमान फक्त उंचावर गाठतं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. छोट्या अंतरात चढण आणि उतरणच जास्त, म्हणून सरासरी वेग आणखी खाली येतो.

तीन, विमान फुटपट्टीने आखलेल्या रेषेवर उडत नाही. ठरलेले हवाई मार्ग असतात, लष्कराच्या राखीव हद्दी टाळायच्या असतात, वारा कोणत्या दिशेने आहे ते बघायचं असतं. मोबाईलवर दिसणारं अंतर हे पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर. प्रत्यक्षात विमान त्याहून थोडं जास्तच उडतं.

म्हणजे जेआरडींच्या सव्वासात तासांत जे होतं, तेच आजच्या दीड तासात आहे. वळसा, थांबा, वारा आणि जमिनीवरचा वेळ.

टाटा एअरलाइन्स ते एअर इंडिया

पुढे गाडी जोरात धावली. मुंबई ते त्रिवेंद्रम, मुंबई ते दिल्ली असे मार्ग सुरू झाले. १९३८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. ज्यांच्यासोबत हे सगळं उभं केलं, ते व्हिन्सेंट १९४२ मध्ये युद्धाच्या काळात विमानप्रवासात मारले गेले.

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' नावाचं विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. १६ वर्षांपूर्वी लंडनचं टपाल कराचीहून पुढे नेणाऱ्या माणसाने आता लंडनपर्यंतचा अख्खा रस्ताच जोडला होता.

सगळेच अंदाज बरोबर आले असं मात्र नाही. १९४९ मध्ये रफी अहमद किडवई यांच्या पुढाकाराने रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार शहरांतून चार विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्री नागपूरला भेटायची. टपाल आणि प्रवासी अदलाबदली करून सकाळपर्यंत परत. देशाच्या मधोमध असल्याचा मान नागपूरला असा मिळाला. जेआरडींचा या योजनेला विरोध होता. रात्रीच्या उड्डाणासाठी लागणाऱ्या सोयी विमानतळांवर नाहीत, असं त्यांचं म्हणणं. योजना दुसऱ्या कंपन्यांनी चालवली आणि ती पुढे बरीच वर्षं टिकली.

मार्गाचे तुकडे

जेआरडींनी १९३२ मध्ये सुरू केलेल्या त्या मार्गाचं काय झालं, हे बघण्यासारखं आहे.

१९४७ मध्ये फाळणी झाली. जिथून पहिलं विमान उडालं ते कराची परदेश झालं. आधी जिथे फक्त पेट्रोलची सोय लागायची, तिथे आता व्हिसा आणि दोन सरकारांची परवानगी आली.

१९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. देशातल्या मार्गांसाठी इंडियन एअरलाइन्स आणि परदेशासाठी एअर इंडिया अशी दोन महामंडळं झाली. जेआरडी या निर्णयाने दुखावले होते. पंतप्रधान नेहरूंशी जुनी मैत्री असूनही आपल्याशी नीट चर्चा झाली नाही, ही त्यांची तक्रार होती. पण नेहरूंनी एअर इंडियाचं अध्यक्षपद सांभाळायला सांगितलं तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत.

म्हणजे अहमदाबाद, मुंबई, मद्रास हा देशातला भाग एका महामंडळाकडे गेला, कराची दुसऱ्या देशात गेली आणि मार्ग सुरू करणारा माणूस तिसऱ्याच खुर्चीत, सरकारच्या कंपनीचा अध्यक्ष म्हणून बसला.

तिथे त्यांनी २५ वर्षं काढली, तीही पगार न घेता. स्वतः विमानातून प्रवास करायचे आणि नोंदी काढायचे. पडद्यांचा रंग, चहाची चव, स्वच्छतागृहातला पाण्याचा थेंब, काहीही नजरेतून सुटायचं नाही. जिनिव्हातली माणसं एअर इंडियाच्या विमानावर घड्याळ लावायची असा किस्सा आजही सांगतात. १९६० मध्ये बोईंग ७०७ जेट विमानं ताफ्यात आली आणि त्याच वर्षी एअर इंडिया न्यूयॉर्कला पोचली.

मग आलं १९७८. फेब्रुवारी महिन्यात मोरारजी देसाई सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून हटवलं. सरकारचं पत्र हातात पडायच्या आधीच त्यांना हे दुसरीकडून कळलं. ज्या कंपनीचं पहिलं विमान त्यांनी स्वतः उडवलं, तिथून ते ७३ व्या वर्षी बाहेर पडले. इंदिरा गांधी पुन्हा सत्तेत आल्यावर १९८० मध्ये त्यांना संचालक मंडळावर घेतलं गेलं, पण अध्यक्षपद काही परत मिळालं नाही.

७८ व्या वर्षी पुन्हा तोच रस्ता

१५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली होती. जेआरडी ७८ वर्षांचे. त्यांनी काय करावं? एक जुनं लेपर्ड मॉथ विमान घेतलं आणि कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला ते पुन्हा स्वतः उडवत आणलं. तिसाव्या वर्षी, १९६२ मध्येही त्यांनी असंच उड्डाण केलं होतं.

लेपर्ड मॉथ म्हणजे पस मॉथचाच पुढचा अवतार, १९३० च्या दशकातलं एका इंजिनाचं विमान. १९८२ मध्ये जगात जंबो जेट उडत होती. वेगच दाखवायचा असता तर त्यांना कोणतंही विमान मिळालं असतं.

या दोन उड्डाणांच्या मधल्या काळात भारत आणि पाकिस्तानमध्ये युद्धं झाली होती. १९७१ पासून दोन्ही देशांमधली विमानसेवा काही वर्षं बंद होती, ती १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यामुळे १९८२ चं ते उड्डाण दोन देशांच्या परवानगीने झालं. पन्नास वर्षांपूर्वी त्याच रस्त्याला सरहद्दच नव्हती.

त्या वयात हा खटाटोप कशाला, असा प्रश्न तेव्हाही अनेकांना पडला होता. नव्या पिढीला त्या काळातली उमेद आणि धाडस पुन्हा दिसावं, ही त्यामागची इच्छा होती असं ते सांगायचे.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हामध्ये त्यांचं निधन झालं. पॅरिसमध्ये जन्मलेल्या जेआरडींना पॅरिसमध्येच, पेर लाशेझ दफनभूमीत, आई-वडिलांच्या शेजारी ठेवलं गेलं. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, पण ते बघायला जेआरडी नव्हते.

मग आज अंतर किती?

जेआरडी गेल्यानंतर त्या पहिल्या मार्गाचे दोन्ही तुकडे वेगवेगळ्या दिशांना गेले.

अहमदाबाद ते मुंबई हा तुकडा आज देशातल्या वर्दळीच्या हवाई मार्गांपैकी एक आहे. दिवसभरात कितीतरी विमानं, तिकिटावर वेळ सव्वा ते दीड तास. पस मॉथला याच अंतरासाठी पावणेतीन तासांच्या आसपास लागत असणार.

कराची ते मुंबई हा तुकडा मात्र तुटलाय. थेट विमान नाही. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपली हवाई हद्दही बंद केली. त्याचा फटका ज्यांना कराचीला जायचंच नाही अशांनाही बसला. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या आपल्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला, इंधन जास्त आणि वेळही जास्त.

आणि सगळ्यात जास्त फटका त्यांना, ज्यांची नाती दोन्हीकडे आहेत. कराचीत आजही गुजराती बोलणारी, पारशी, कोकणी आणि काही मराठी बोलणारी घरं आहेत. एकेकाळी ही दोन्ही शहरं एकाच मुंबई इलाख्यात होती. कराचीतल्या आजीला मुंबईतल्या नातवाला भेटायचं असेल, तर आधी व्हिसा मिळायला हवा. तो मिळालाच तर ८७५ किलोमीटरऐवजी तिप्पट, साडेतीन पट रस्ता.

विमान आता पाच पट वेगवान झालंय. पण जेआरडींच्या सव्वासात तासांत कराचीहून मुंबईला पोचायचं असेल, तर आज दुबईचं जोडविमान अगदी वेळेवर मिळावं लागेल.